दोरीला माप कोण लावणार?

१८ जानेवारी २०२५ रोजी गोव्याच्या पेडणे तालुक्यातील केरीच्या पठारावरून पुण्याहून गेलेली एक तरुणी पॅराग्लायडरमधून आकाशात झेपावली आणि काही क्षणांतच, तिला घेऊन उडणाऱ्या नेपाळी चालकासह, दरीत कोसळून मरण पावली. दोरी तुटली, असे वृत्त त्या वेळी प्रसिद्ध झाले. हा धंदा परवानगीविनाच चालला होता, असे पोलिसांनी सांगितले. कंपनीच्या मालकास अटक झाली. चार दिवस हळहळ झाली आणि पाचव्या दिवशी सारे शांत झाले! परवानगी नव्हती हे मृत्यूनंतरच कसे उघडकीस येते, हा प्रश्न कुणी विचारला असेल तर त्याचे उत्तर निदान आमच्या कानांवर आलेले नाही. पठारावर भर दिवसा चाळीस चौरस मीटरचे रंगीत कापड आकाशात उघडले जाते. ते काही चोरून गाळलेल्या दारूची भट्टी नव्हे की शासनाच्या डोळ्यांना ते दिसू नये!

हा प्रकार एकटादुकटा असता तर दैवाला बोल लावून आम्हीही गप्प बसलो असतो. परंतु त्याच जानेवारी महिन्यात हिमाचल प्रदेशात धरमशालेजवळ इंद्रूनाग येथे आणि कुलूजवळ गडसा येथे एकेका पर्यटकाचा असाच बळी गेला. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये कुलू खोऱ्यातील डोभी येथे आपल्याच सातारा जिल्ह्यातील एक तरुण उडता उडता हवेतून निसटला आणि शेकडो फुटांवरून खाली आला. चौदा महिन्यांनी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, त्याच डोभीला तेलंगणातील एक तरुणी तशीच पडून मेली. तिचा पट्टा चालकाने नीट तपासला नव्हता, असे प्राथमिक चौकशीत निष्पन्न झाले आणि चालकाला अटक झाली. एकच खोरे, एकच उड्डाणस्थळ, एकाच तऱ्हेचे मरण! पहिल्या मरणाने डोभीला काही शिकवले असते तर दुसरे टळले नसते काय?

श्रीमंतांच्या या चैनीसाठी पहिले पान कशाला खर्ची घालता, असे काही वाचक विचारतील. त्यांना आमचे सांगणे असे की, ही चैन आता श्रीमंतांची राहिलेली नाही. पुणे-मुंबई लोहमार्गावरील कामशेतच्या टेकड्यांवर किंवा पाचगणीच्या पठारावर सुटीच्या दिवशी कोण जमते ते एकदा जाऊन पाहावे. बँकेतील कारकून, संगणकाच्या कचेरीतील मुले, नुकतेच लग्न झालेली जोडपी, मुलाने हट्ट धरला म्हणून आलेले शिक्षक. या मंडळींनी महिन्याच्या पगारातून चार पैसे बाजूला टाकून दहा-पंधरा मिनिटांचे आकाश विकत घेतलेले असते. ज्याच्या अंगाला अंग बांधून ती उडतात तो चालकही कुणी धनिकपुत्र नसतो. तो मावळातला, कुलूतला किंवा नेपाळातला एक कष्टकरी तरुण असतो आणि प्रत्येक उड्डाणाच्या हिशेबाने त्याला पैसे मिळतात. अपघात झाला की दोघेही मरतात, हे केरीने दाखवून दिले आहे.

मुळात हे यंत्र आहे तरी काय? यंत्र म्हणावे तर त्याला एंजिन नाही, चाक नाही, एक साधा सांगाडासुद्धा नाही. १९७८ साली फ्रान्समधील मियुसी या गावच्या काही छत्रीधारी उडी मारणाऱ्यांनी विमानाचे भाडे वाचवावे म्हणून डोंगराच्या उतारावरून धावत जाऊन आपल्या छत्र्या उघडल्या आणि त्यातून हा खेळ जन्माला आला. काटकसरीतून जन्मलेला हा खेळ अवघ्या दहा वर्षांत कुठवर गेला पाहा. १९८८ साली झाँ-मार्क ब्वाव्हँ हा फ्रेंच गिर्यारोहक एव्हरेस्टच्या माथ्यावरून असाच पंख पसरून खाली उतरला! आपल्या देशात बीड-बिलिंगच्या डोंगरावर २०१५ साली या खेळाची विश्वचषक स्पर्धा भरली. त्या बिलिंगचे नाव आज जगभरचे उडणारे आदराने घेतात. तेव्हा हा खेळ म्हणजे मृत्यूचा सापळा, असे कुणी म्हणू लागल्यास त्यात आम्ही सहभागी होणार नाही.

पंखाची रचना मात्र प्रत्येकाने समजून घेण्याजोगी आहे. नायलॉनच्या दोन थरांचे कापड, त्यात पुढच्या कडेला उघडी असलेली कप्प्यांची रांग. पुढे सरकताना या तोंडांतून हवा आत शिरते, कप्पे फुगतात आणि कापडाला विमानाच्या पंखाचा आकार येतो. हवा आत आहे तोवर पंख पंख आहे. हवा गेली की उरते ती चिंधी! कापडाचे वजन चौरस मीटरला अवघे तीस-चाळीस ग्रॅम. आपण ज्या कागदावर अर्ज लिहितो तोसुद्धा याच्या दुप्पट जड असतो. या कापडापासून खाली एक-दोन मिलिमीटर जाडीच्या दोऱ्या येतात, त्या दोन कड्यांत एकत्र होतात, त्या कड्यांना हार्नेस म्हणजे पट्ट्यांचे आसन अडकवलेले असते आणि त्या आसनात माणूस. दोघांना नेणाऱ्या पंखावर दीडशे-दोनशे किलोंचा भार असतो. सहा-सात किलोंच्या कापडाने दोन जिवांना तोलावे, हा मानवी बुद्धीचा चमत्कारच होय, आणि तो पोकळ चमत्कार नाही. युरोपीय प्रमाणानुसार नव्या नमुन्याच्या पंखाला त्याच्या कमाल वजनाच्या आठपट भार सोसून दाखवावा लागतो. हवेत तो मुद्दाम दुमडून आपोआप कसा सावरतो हे पाहिले जाते आणि मगच त्याला अ, ब, क, ड अशा अर्थाच्या इंग्रजी अक्षरांची प्रतवारी मिळते. 'ए' प्रतीचा पंख नवशिक्याची चूक पोटात घालतो. 'डी' प्रतीचा पंख ती घालत नाही.

परंतु हे प्रशस्तिपत्र पंख कारखान्यातून बाहेर पडला त्या दिवसाचे असते, ही गोष्ट आपल्याकडे सोयीस्करपणे विसरली जाते. वऱ्हाडाला कोट दाखवावा तसे ते गिऱ्हाइकाला दाखवले जाते. "साहेब, युरोपचा पंख आहे!" होय, युरोपचाच आहे. पण युरोपातून तो केव्हा निघाला? त्यानंतर किती तास उडाला? किती उन्हात पडला? त्याला शेवटचे कुणी तपासले? या प्रश्नांना डोंगरावर उत्तर मिळत नाही. पुष्कळदा ते विचारणाऱ्याकडे लोक कुतूहलानेच पाहतात!

ऊन हा या कापडाचा पहिला वैरी आहे. नायलॉनवर एक पातळ लेप असतो, हवा कापडातून झिरपू नये म्हणून. सूर्याच्या अतिनील किरणांनी, जमिनीवर फरफटल्याने, घड्या घातल्याने तो लेप झिजतो. मग पंख गळका होतो. डोळ्यांना काही दिसत नाही, रंग थोडा विटलेला असतो इतकेच. पण उड्डाणाच्या वेळी तो आळसावतो, डोक्यावर यावयास वेळ घेतो आणि हवेत, वेग कमी झाला की, उडणे सोडून दगडासारखा नव्हे पण भिजल्या पोत्यासारखा सरळ खाली येऊ लागतो. हे मोजण्याचे साधे उपकरण आहे. ठराविक हवा कापडातून जावयास किती सेकंद लागतात ते ते सांगते. नव्या कापडाला शेकडो सेकंद लागतात. झिजलेल्या कापडातून तीच हवा पाच-दहा सेकंदांत पार होते. पाच मिनिटांची ही तपासणी आहे.

दोऱ्यांचे प्रकरण याहून सूक्ष्म आहे आणि आमच्या मते अधिक भयंकर. दोरी तुटते ही गोष्ट सामान्य माणसालाही कळते. पण दोरी न तुटताही माणूस मरू शकतो, हे किती जणांना ठाऊक आहे? या दोऱ्या दोन जातींच्या धाग्यांच्या असतात. एक जात वारंवार वाकवल्याने आणि उन्हाने आतून कमजोर होते. दुसरी वाकण्याला दाद देत नाही, पण ती काळाने आखडते. पंखाच्या पुढच्या रांगेतील दोऱ्यांवर भार जास्त, म्हणून त्या किंचित ताणल्या जातात. मागच्या रांगांवर भार कमी, म्हणून त्या आखडतात. फरक किती? दोन-तीन सेंटीमीटर! तुमच्या आमच्या बोटाच्या दोन पेरांएवढा. पण तेवढ्याने पंखाचा पुढचा भाग वर होतो, मागचा खाली ओढला जातो, वेग मंदावतो आणि जो पंख कारखान्यातून 'ए' प्रतीचा म्हणून निघाला होता तो चालकाच्या नकळत वेगळ्याच स्वभावाचा होऊन बसतो. म्हणून प्रत्येक दोरी ठराविक ताण देऊन मोजावयाची, कारखान्याच्या तक्त्याशी ताडून पाहावयाची, फरक आढळल्यास गाठीचा फेर बदलून तो दुरुस्त करावयाचा आणि नमुन्यादाखल एक-दोन दोऱ्या प्रत्यक्ष तोडून त्यांत किती बळ उरले आहे ते पाहावयाचे. ही शिस्त आहे. सर्व दोऱ्यांची लांबी एकत्र केली तर ती काहीशे मीटर भरते. हे काम दिवसभराचे, कंटाळवाणे आणि पैसे न देणारे आहे. नेमके म्हणूनच ते टाळले जाते.

ही तपासणी केव्हा करावयाची? बहुतेक कारखानदार एक-दोन वर्षांनी किंवा शंभर-दीडशे तासांच्या उड्डाणानंतर, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, ती करावयास सांगतात. आता वाचकांनी आमच्याबरोबर थोडे गणित करावे. हौस म्हणून उडणारा माणूस वर्षात पन्नास तास उडाला तरी डोक्यावरून पाणी गेले. त्याला ही अट दोन वर्षांनी लागू पडते. परंतु धंद्याचा पंख दिवसाला पंधरा-पंधरा मिनिटांची आठ उड्डाणे करतो असे धरा. म्हणजे दिवसाला दोन तास झाले. पन्नास दिवसांत शंभर तास! ज्याला हौशी माणूस दोन वर्षे वापरतो तेवढा पंख धंदेवाईक माणूस दोन महिन्यांत वापरून टाकतो. एका हंगामात दीडशे दिवस उडाला की तीनशे तास भरले. साधारण तीनशे तास हेच सामान्य पंखाचे आयुष्य मानण्याचा या खेळात प्रघात आहे. म्हणजे ऑक्टोबरात कोरा आणलेला पंख मे महिन्यात म्हातारा झालेला असतो. हे आम्ही कुणावर आरोप म्हणून सांगत नाही, हे निव्वळ अंकगणित आहे. पुढच्या ऑक्टोबरात तोच पंख पुन्हा डोंगरावर दिसला तर त्याचे काय मोजले, कुणी मोजले आणि कोठे लिहून ठेवले, एवढेच आमचे विचारणे आहे.

ऑक्टोबर म्हटला की दसरा आला. खंडेनवमीला आपला कारागीर आपल्या हत्यारांची पूजा करतो. सुतार पटाशीला, छापखान्यातला माणूस यंत्राला, रिक्षावाला रिक्षाला झेंडूची माळ घालतो. सह्याद्रीवरचा हंगामही त्याच सुमारास सुरू होतो आणि पंखालाही माळ घातली जात असेल. अवश्य घालावी, त्या श्रद्धेला आमचा विरोध नाही. परंतु सुतार पूजेच्या आधी पटाशीला धार लावून घेतो, हे विसरून कसे चालेल? चार महिन्यांच्या पावसाळ्यात मावळातल्या एखाद्या दमट खोलीत पंख गुंडाळून पडलेला असतो. ओलसर घडी घातलेल्या कापडाला बुरशी येते, लेप सुटतो. घडीत सापडलेला एखादा नाकतोडा कापडाला भोक पाडून जातो. कोकण किनाऱ्यावर तर खारा वारा आणि वाळू यांची भर. पठारावरचा जांभा दगड आणि डोंगरउतारावरचे करवीचे खुंट दोऱ्यांचे काय करतात, ते प्रत्येक चालकाला ठाऊक आहे. साध्या पाण्याने पुसावे, साबण लावू नये, सावलीत वाळवावे, मोटारीच्या तापलेल्या टपात डांबू नये, दोन उड्डाणांच्या मध्ये उन्हात पसरून ठेवू नये, यांत कसले गहन शास्त्र आहे? आपली आजी पैठणी जेवढ्या काळजीने ठेवत असे तेवढी काळजी घेतली तरी पुरे.

आसनात घडी घालून ठेवलेल्या राखीव पॅराशूटचे तर कुणी नावच काढत नाही. मुख्य पंख हवेत गुंडाळला गेला तर हातात तेवढेच एक साधन उरते. घडीत दबून, दमट होऊन त्याचे कापड एकमेकांना चिकटते आणि उघडावयास उशीर होतो. जमिनीपासून शंभर मीटरांवर उशीर होणे आणि न उघडणे यांत काही अंतर नाही. म्हणून ते वर्षातून निदान एकदा उघडून, हवेवर टांगून, जाणत्या हाताने पुन्हा घडी घालावे लागते. आपल्या पावसाळ्यानंतर तर हे टाळता येणारच नाही. शेवटची घडी केव्हा घातली, याची तारीख त्या पिशवीवर असावयास हवी.

आता डोभीकडे परत वळू. तेथे कापड फाटले नव्हते किंवा वादळ झाले नव्हते. फेब्रुवारी २०२४ चा प्रकार पट्ट्याचा होता. आसनाला छातीचा एक आणि मांड्यांचे दोन पट्टे असतात. मांड्यांचे पट्टे लावले नाहीत तरी माणूस जमिनीवर उभा असताना सारे ठीकठाक दिसते. धावताना तर ते मुळीच जाणवत नाही. पाय जमिनीवरून सुटले की मात्र शरीर आसनातून खाली घसरू लागते आणि माणूस काखांवर लोंबकळतो. हाताचे बळ संपले की सारे संपले! जगभर या एका चुकीने इतके जीव गेले की, मांड्यांचे आणि छातीचे पट्टे परस्परांत गुंतवून एक लावल्याशिवाय दुसरा लागूच नये, अशी आसने कारखानदारांना काढावी लागली. तरीही प्रत्येक उड्डाणाआधी हेल्मेटपासून मांडीच्या पट्ट्यापर्यंत प्रत्येक बकल हाताने ओढून, मोठ्याने उच्चार करून तपासावे, असा नियम आहे. त्याला तीस सेकंद लागतात. चालकाचे तपासून झाले की प्रवाशाने स्वतःचा हात मांडीवर नेऊन पट्टा चाचपून पाहावा. यात कसली भीड?

पण आपल्या डोंगरांवर सर्वांत काटेकोर तपासणी कशाची होते? कॅमेऱ्याची! काठीवरचा कॅमेरा सुरू आहे की नाही, त्याची बॅटरी भरली आहे की नाही, प्रवाशाचा चेहरा चौकटीत नीट येतो की नाही, हे दोनदोनदा पाहिले जाते, कारण चित्रफितीचे पैसे वेगळे मिळतात. आणि त्याआधी एक कागद पुढे सरकवला जातो: "मी माझ्या जबाबदारीवर उड्डाण करीत आहे." प्रवासी हसत हसत सही करतो. काय हा न्याय! ज्याला पंखातले ओ की ठो कळत नाही त्याच्याकडून जबाबदारीचा कागद लिहून घ्यावयाचा आणि ज्याला सारे कळते त्याच्याकडून पंखाबद्दल एक ओळही मागावयाची नाही!

वाऱ्याविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. या पंखाचा स्वतःचा वेग ताशी ३५-४० किलोमीटर. समोरून वारा त्याच वेगाने येऊ लागला तर पंख हवेत जागच्या जागी उभा राहतो आणि वारा वाढला तर तो मागे, डोंगराच्या पाठीमागे ढकलला जातो. पुलाच्या खांबामागे नदीच्या पाण्यात जसे भोवरे दिसतात तसेच भोवरे कड्यामागच्या हवेत असतात. दिसत नाहीत, इतकाच भेद. त्यात सापडलेला पंख रुमालासारखा दुमडतो. उन्हाळ्यात भर दुपारी काळा कातळ तापून हवेचे जे स्तंभ उठतात त्यांवर निष्णात माणूस तासन् तास तरंगतो, पण पहिल्यांदाच उडणाऱ्या पाहुण्याला घेऊन जाण्याची ती वेळ नव्हे. निष्णात माणसांनीही ढगांशी खेळू नये, हे फेब्रुवारी २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात मॅनिला येथे दिसले. एवा व्हिश्निएर्स्का ही जर्मन संघाची खेळाडू वादळी ढगात खेचली जाऊन ९,९४६ मीटर उंचीवर, म्हणजे एव्हरेस्टच्याही वर, बेशुद्ध अवस्थेत पोहोचली आणि आश्चर्य असे की जिवंत परतली. त्याच दिवशी त्याच ढगात सापडलेला एक चिनी खेळाडू परतला नाही.

वारा वाईट असेल त्या दिवशी न उडणे, हे या विद्येतले सर्वांत मोठे कौशल्य आहे. आणि येथेच आपल्या धंद्याची खरी गोम आहे. चालकाला पैसे उड्डाणागणिक मिळतात. उडाला नाही तर त्या दिवशी चूल पेटत नाही. पायथ्याशी दहा गिऱ्हाइके थांबलेली, त्यांची परतीची गाडी संध्याकाळी सुटावयाची, मालक घड्याळाकडे पाहत असलेला. अशा वेळी "आज नको" हे दोन शब्द उच्चारण्यासाठी चालकाला संतांचे मन लागेल. चालकाने संत व्हावे, अशी अपेक्षा ठेवून धंदा चालवणे हीच मूळ चूक आहे. गिऱ्हाईकही यात निर्दोष नाही. "एवढ्या लांबून आलो, पैसे भरले, आता उडवाच!" असा तगादा लावणारे आणि हवेत गेल्यावर "जरा गिरक्या मारा ना!" म्हणणारे आपलेच सुशिक्षित बांधव असतात. गिरकीत दोऱ्यांवरचा भार दुपटीने-तिपटीने वाढतो, आणि तो त्याच दोऱ्यांवर, ज्यांचे माप कुणी घेतलेले नाही!

अपघात झाला की शासन काय करते? बंदी घालते. पंधरा दिवस डोंगर ओस पडतो, मग गाजावाजा न करता पुन्हा गजबजतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! बंदीने पंख नवा होत नाही, दोरी पूर्वीच्या लांबीवर येत नाही. उलट ज्याने नियमाने नोंदणी केली, नवे पंख आणले, चालकांना शिकवले, त्याचाही धंदा बसतो. आणि परवानगीविना उडवणारा शेजारच्या टेकडीवर जातो. बंदी हे तपासणी न करण्याचे निमित्त आहे, असे आम्ही स्पष्टपणे म्हणतो.

नियम नाहीत असे नाही. हिमाचल प्रदेशाने २००४ सालीच हवाई खेळांचे नियम केले, २०२२ साली ते नव्याने केले. तेथे पावसाळ्यात १५ जुलै ते १५ सप्टेंबर उड्डाणे बंद असतात. महाराष्ट्राने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर करून नोंदणी सांगितली. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण आणले आणि त्याखाली भारतीय हवाई क्रीडा महासंघाची योजना केली. धोरणांचा दुष्काळ कुठेच नाही! आणि तरी ज्या हिमाचलात नियम सर्वांत जुने, तेथेच माणसे पडतात. कारण नोंदणी वर्षातून एकदा होते आणि पट्टा दिवसातून आठ वेळा लावावा लागतो. कागद कचेरीत आणि पंख डोंगरावर, अशी ही फारकत आहे.

ही फारकत मोडावयाची तर कागद डोंगरावर आला पाहिजे. मंडईतल्या भाजीवालीच्या वजनांवर वैधमापन खात्याचा शिक्का असतो आणि तो गिऱ्हाइकाला पाहता येतो. इमारतीच्या लिफ्टमध्ये परवाना डोळ्यांसमोर लावलेला असतो. अर्धा शेर वांग्यांसाठी जी खबरदारी आपण घेतो ती तीनशे मीटरांवर टांगलेल्या माणसासाठी का घेऊ नये? प्रत्येक धंदेवाईक पंखाची एक वही असावी. त्यात तो केव्हा घेतला, आजवर किती तास उडाला, कापडाची हवा किती सेकंदांत गेली, दोऱ्या केव्हा मोजल्या, राखीव पॅराशूटची घडी केव्हा घातली, हे तपासणाऱ्याच्या सहीनिशी लिहिलेले असावे. ती वही मालकाच्या कपाटात नव्हे, उड्डाणस्थळावर असावी, आणि सही करून घेण्याचा तो जबाबदारीचा कागद पुढे करण्यापूर्वी प्रवाशाच्या हातात दिली जावी. तपासणारा मालकाचा नोकर नसावा. आज असे जाणते तपासनीस आपल्याकडे मोजकेच आहेत हे आम्हांस मान्य आहे. पण कामशेतच्या शाळांतून वर्षानुवर्षे लोकांना उडावयास शिकवणारी जी मंडळी तयार झाली आहेत, त्यांतूनच निवडक लोकांना सरकारी खर्चाने हे शिक्षण देणे पर्यटन संचालनालयाला अशक्य नाही. या मंडळींनी स्वतःहून पुढे यावे. बेजबाबदार शेजाऱ्याच्या अपघाताने पहिला फटका त्यांच्याच पोटाला बसतो.

राहता राहिला चालकाच्या मजुरीचा प्रश्न. त्यावाचून वही म्हणजे नुसती वहीच राहील. वाऱ्यामुळे उड्डाण रद्द झाले त्या दिवसाची किमान मजुरी मालकाने चालकाला द्यावी आणि प्रवाशाचे पैसे पूर्ण परत करावेत, ही अट नोंदणीतच घालावी. आकार थोडा वाढेल. वाढू द्यावा. केरीच्या पठारावर, कामशेतच्या टेकडीवर किंवा पाचगणीच्या कड्यावर "आज वारा बरा नाही, उद्या या" असे चालकाने म्हटल्यावर त्याचे त्या दिवसाचे जेवण बुडणार नसेल, तर तो ते म्हणेल. आणि गिऱ्हाइकाने ते ऐकून कुरकुर न करता परतीची गाडी धरावी.